‘कडा’ म्हणजे केवळ खडकाची भिंत नव्हे

पावसाळा सुरू झाला, की पर्यटकांची पावले सह्याद्रीतील कड्यांकडे वळतात. टोकाशी जाऊ नका, असे त्यांना वारंवार बजावले जाते. हा इशारा खरे तर ‘कडा’ या शब्दातच आहे.

डोंगराची सरळ तुटलेली उभी बाजू म्हणजे कडा. हा शब्द संस्कृत ‘कटक’पासून आला, असे मानले जाते. अमरकोशात ‘कटक’ म्हणजे पर्वताचा नितंब, अर्थात डोंगराची बाजू, असा अर्थ दिला आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ट’चा ‘ड’ होतो आणि शेवटचा ‘क’ गळतो. ‘घोटक’चा घोडा झाला, तसाच ‘कटक’चा कडा. संस्कृतात ‘कटक’चा वलय असाही अर्थ असल्याने हातातले कडेही त्याच शब्दातून आले.

संस्कृतातील ‘कट’ म्हणजे कंबरेची बाजू. मूल ‘कडेवर’ घेतात ते यामुळेच. पुढे ‘कड’ म्हणजे बाजू आणि किनार असा अर्थ विस्तारला. रस्त्याच्या ‘कडेला’, ‘आमच्याकडे’ ही रूपे त्याच कुळातली. त्यामुळे ‘कडा’ हा शब्द खडकाच्या भिंतीबरोबरच जमीन जेथे संपते ती सीमाही दाखवतो.

गडाच्या कड्यावरून ढकलून देण्याची शिक्षा म्हणजे कडेलोट. रायगडावरील टकमक टोक या शिक्षेची जागा म्हणून ओळखले जाते. आज ‘संयमाचा कडेलोट’ होतो, तेव्हाही सीमा ओलांडल्याचाच अर्थ अभिप्रेत असतो.

सह्याद्रीचे कडे इतके उभे का, याचे उत्तर बेसाल्ट खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले. थंड होताना ते आकसले आणि त्यांत अनेक ठिकाणी उभ्या भेगा पडल्या. पाणी या भेगांत शिरून खडक खिळखिळा करते आणि त्याचे तुकडे भेगांवरून सुटतात. मागे उरतो तो ताशीव कडा.

हे तुटणे आजही थांबलेले नाही. हरिश्चंद्रगडाचा प्रसिद्ध कोकणकडा तर आतल्या बाजूला वळलेला आहे. त्याच्या काठावर उभे राहणाऱ्याच्या पायाखालचा खडक पुढे झुकलेला असतो आणि त्याखाली पोकळी असते, हे वरून दिसत नाही. दृश्य कितीही मोहक असले, तरी ‘कडा’ या शब्दातील ‘कड’ विसरता कामा नये.