सूरजागडात उघडते का?

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. आजूबाजूला दाट जंगल, माडिया गोंडांची लहान लहान गावे आणि डोंगराच्या पोटात लोहखनिज. हे नाव निघाले की खाणीचीच चर्चा होते. आम्ही मात्र आज सूरजागडकडे वेगळ्या प्रश्नासाठी पाहणार आहोत. सरकार, बँक, शाळा, शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, सगळा कारभार आता वेबसाइटवर गेला आहे. या वेबसाइटचे दार सूरजागडच्या माणसाला उघडते का? आणि आपल्या घरातल्या दादीला, नजर अधू झालेल्या मामूंना तरी ते उघडते का?

हे दोन प्रश्न निरनिराळे वाटतात, पण उत्तर एकच आहे. वेबसाइट बनवणाऱ्याने आपल्यासारखाच माणूस समोर धरला, म्हणजे शिकलेला, डोळे-कान-हात शाबूत असलेला, चांगला फोन आणि भरपूर नेटवर्क असलेला, तर बाकीचे सगळे बाहेर राहतात. त्यात जंगलातला आदिवासी असतो आणि शहरातली आपली नानीही असते.

आपल्याच गावाचा कागद

सूरजागडच्या खाणीची वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २७ ऑक्टोबर २०२२ रोजी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. ती गडचिरोली शहरात झाली. सूरजागडपासून हे शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. अशा सुनावणीआधी प्रकल्पाचा अहवाल लोकांसाठी खुला करावा लागतो. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अहवाल इंग्रजीत आणि त्याचा सारांश राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यायचा असतो. पर्यावरण मंजुरीचे कागद २०१८ पासून ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर ठेवले जातात.

म्हणजे कागद लपवलेला नाही. पण फक्त माडिया बोलणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बाईने तो कसा समजून घ्यावा? पोर्टलला कुलूप नाही, तरी तिच्यासाठी दार बंदच आहे.

भाषेचा हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला होता. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यावर साऱ्या देशाचे म्हणणे मागवले होते, पण मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आदेश दिला की, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करून ते सरकारी वेबसाइटवर टाकावे. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, उर्दू आहे. गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली होती. माडिया त्याच कुळातली. म्हणजे आदेश शब्दशः पाळला गेला असता, तरी सूरजागडच्या घरातल्या बोलीत काहीच आले नसते.

दुसऱ्याच्या हातात आपला ओटीपी

वेबसाइट स्वतःला वापरता आली नाही की माणूस काय करतो? सेवा केंद्रात जातो, नाहीतर शेजारच्या पोराला बोलावतो. आधार कार्ड देतो, फोन हातात देतो, आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो, सांगतील तिथे अंगठा लावतो. बहुतेक मदतनीस प्रामाणिक असतात, हे आम्ही मानतो. पण स्वतःच्या खात्याची चावी दुसऱ्याच्या हातात देण्याशिवाय पर्यायच नसणे ही सोय नव्हे, लाचारी आहे. पैसे गेले तर तक्रार करायलाही पुन्हा तीच वेबसाइट!

अर्जाची रचना कशी आडवी येते, याचे ताजे उदाहरण आपल्या भगिनींनी अनुभवले आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५ च्या सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली होती. ज्या विधवा बहिणीचे वडीलही हयात नाहीत, तिने काय भरायचे? तलाक झालेलीने कोणाचा ओटीपी आणायचा? अनेक जणी तिथेच अडल्या. शेवटी नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली आणि अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी वाट काढली गेली. अर्ज तयार करतानाच चार विधवा बहिणींना शेजारी बसवले असते, तर ही अडचण पहिल्याच दिवशी कळली असती. सर्वसमावेशक रचना म्हणतात ती हीच.

वाचणारा आवाज कुठे अडखळतो

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या. यात वयोमानाने नजर कमी झालेले, हात थरथरणारे, कमी ऐकू येणारे सगळे वडीलधारे धरले, तर क्वचितच एखादे घर या प्रश्नातून सुटेल.

दृष्टिहीन माणूस फोन कसा वापरतो, हे अनेकांना ठाऊक नसते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. ती सुरू केली की बोट जिथे जाईल तिथले अक्षर किंवा बटण फोन बोलून सांगतो. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा असाच मोफत प्रोग्राम आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि आज तो जगभर वापरला जातो.

पण हा आवाज वेबसाइटच्या पोटात जे लिहिले आहे, तेच वाचतो. बटणाला नाव दिलेले नसेल तर तो नुसते ‘बटण’ म्हणतो. पैसे भरायचे बटण की अर्ज रद्द करायचे, हे कळणार कसे? सरकारी आदेशाचा कागद स्कॅन करून टाकला असेल, तर साध्या वाचक प्रोग्रामसाठी ते केवळ एक चित्र असते. मराठीची आणखी एक जुनी दुखणी आहे. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. आवाज तीच खिचडी वाचतो. उर्दूचेही तसेच झाले. नस्तालिक लिपी पडद्यावर नीट उमटत नसे, म्हणून अनेक उर्दू वृत्तपत्रे वर्षानुवर्षे पानेच्या पाने चित्र म्हणून वेबसाइटवर टाकत. डोळसाला ती सुंदर दिसत, दृष्टिहीनाला त्यातला एक शब्दही ऐकू येत नसे.

वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा, अर्धा मिनिट झाला की संपणारा ओटीपी, ‘लाल रंगातले रकाने भरा’ ही सूचना, राखाडी कागदावर फिकट अक्षरे, बोटात न मावणारे बारीक बटण, या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत. पण प्रत्येकीपाशी कोणीतरी माघारी फिरतो.

ही मेहेरबानी नाही, हक्क आहे

वेबसाइट सर्वांना वापरता यावी याचे जागतिक नियम १९९९ पासून आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ते ठरवते. त्यांची ताजी आवृत्ती २०२३ ची. भारत सरकारने आपल्या वेबसाइटसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आणली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

कागदावर सारे होते, पण पाळले नाही तर काय, याला स्पष्ट उत्तर नव्हते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुलभतेचे नियम ऐच्छिक असून चालणार नाहीत. किमान काही नियम सक्तीचे करा.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणींना बँकेची ई-केवायसी करता येत नव्हती, कारण कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, अशी अट होती. ज्यांच्या पापण्याच हल्ल्यात गेल्या, त्यांनी उघडझाप कशी करावी? त्यांच्यासोबतच अमर जैन या दृष्टिहीन वकिलाची याचिकाही न्यायालयापुढे होती. न्यायालयाने २० निर्देश दिले आणि म्हटले की, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने दिव्यांगांबरोबर खेड्यातले लोक, ज्येष्ठ नागरिक, गरीब आणि भाषिक अल्पसंख्याक यांचाही उल्लेख केला. या यादीत सूरजागडही येते आणि आपले घरही.

जंगलातूनच आलेले उत्तर

‘एवढ्या अडचणी असलेल्यांपर्यंत कसे पोहोचणार?’ असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडमध्ये पाहावे. २०१० च्या सुमारास पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी तिथे ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केले. एक फोन नंबर. साध्या बटणांच्या मोबाइलवरून तो लावायचा आणि आपल्या गावाची बातमी किंवा तक्रार आपल्या बोलीत बोलायची. गोंडीतही चालते. संपादक ती तपासतात, मग ती बातमी दुसऱ्यांना फोनवर ऐकता येते आणि इंटरनेटवरही येते. पुढे मिस्ड कॉल दिला की पलीकडून फोन येण्याची सोय झाली, म्हणजे बोलणाऱ्याचा खर्चही वाचला. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, शिक्षक येत नाही, अशा कितीतरी तक्रारी या वाटेने बाहेर आल्या.

इथे आधी वेबसाइट बनवून मग लोकांना ‘शिका’ म्हटले गेले नाही. लोकांकडे काय आहे, हे आधी पाहिले. वाचता येत नाही, पण बोलता येते. स्मार्टफोन नाही, पण साधा फोन आहे. तिथून सुरुवात केली. आणि गंमत अशी की, आवाजाची ही वाट दृष्टिहीनालाही चालते, शाळेत न गेलेल्या दादीलाही चालते. फुटपाथवरचा उतार व्हीलचेअरसाठी करावा आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही तो उपयोगी पडावा, तसेच हे.

आपल्या हातात काय आहे?

आपल्या घरांतून आज कितीतरी मुले-मुली वेबसाइट आणि ॲप बनवण्याचे काम करतात. त्यांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक चित्राखाली त्याचे वर्णन शब्दांत लिहा. प्रत्येक बटणाला नाव द्या. अक्षर आणि मागचा रंग यांत पुरेसा फरक ठेवा. जागतिक नियमात हे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान साडेचारास एक असे आहे. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये. माउसशिवाय, फक्त कीबोर्डने सारे काम होते का, ते पाहा. व्हिडिओखाली बोललेले शब्द द्या. पान हलके ठेवा, म्हणजे कमजोर नेटवर्कवरही ते उघडेल. प्रश्न सरळ विचारा. ‘तुम्ही अपात्र नाही ना?’ अशा दुहेरी नकाराने भल्याभल्यांचे उत्तर चुकते.

वेबसाइट न बनवणाऱ्यांनाही काम आहे. मशिदीच्या, शाळेच्या, जमातीच्या व्हॉट्सॲप गटात नमाजच्या वेळा, जनाज्याची खबर, रक्तदान शिबिराची सूचना बहुतेकदा रंगीत चित्र करून पाठवतात. दृष्टिहीन भावाला ते कळत नाही. चित्राखाली तोच मजकूर दोन ओळींत टाइप करा. तारीख, वेळ, ठिकाण. वडीलधाऱ्यांसाठी त्याचा आवाजही पाठवा. याला एक पैसा लागत नाही.

आणखी एक प्रयोग घरी करून पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात जाऊन टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि रोजच्या वापरातले एक पान उघडून पाहा. कुठे अडता ते लक्षात ठेवा आणि त्या कार्यालयाला किंवा कंपनीला लेखी कळवा. ‘वेबसाइट चालत नाही’ एवढेच लिहू नका. ‘अर्ज सादर करण्याच्या बटणाला नाव नाही, वाचक आवाज ते ओळखत नाही’ असे नेमके लिहा. दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणे हे त्यांचे कामच आहे.

नवी वेबसाइट सुरू झाली की फीत कापली जाते, पहिल्या दिवशी किती लोकांनी भेट दिली याचा आकडा सांगितला जातो. आमच्या मते कसोटी दुसरी असावी. एटापल्लीच्या बाजारात साधा फोन घेऊन आलेली माडिया बाई, घरातला दृष्टिहीन भाऊ आणि मोतीबिंदू झालेली आपली नानी, हे तिघे आपले काम स्वतः, कोणाला ओटीपी न सांगता, करू शकतात का? तिघांचे काम झाले, तर बाकी कोणाचेच अडणार नाही.