आजीचे सागवानी कपाट डगमगतेय? खिळा ठोकण्याआधी हे वाचा

जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याची सागवानी जंगले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या घरांत आरसा आणि खण असलेले सागाचे कपाट अजूनही दिसते. दिवाळीच्या आवराआवरीत ते सरकवले, की डगमगते. मग कुणी त्यात खिळे ठोकते, कुणी ते भंगारात देते. लाकूड मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असते. सैल झालेला असतो तो सांधा.

कपाट का हलते?

आडव्या पट्टीच्या टोकाचे कुसू उभ्या खांबाच्या भोकात बसवलेले असते. मे महिन्यात खामगाव-मलकापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, पावसाळ्यात फुगते. हा बदल रुंदीत होतो, लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे काटकोनात जोडलेले दोन तुकडे दरवर्षी एकमेकांना ओढतात. कुसू झिजते, डिंक सुटतो. तिथे खिळा ठोकला तर तो गंजतो आणि लाकूड चिरते.

सांधा उघडायचा कसा?

फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला. त्याआधी सुतार प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस वापरत. ऊब आणि ओल मिळाली की सरस मऊ पडतो, हीच त्याची खुबी. सांध्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके ठेवावे आणि मोगरीने हलके ठोकत सांधा सोडवावा. आधी लाकडी खुंटी आहे का ते पाहून ती बाहेर काढावी. भेगेत वरून फेव्हिकॉल ओतणे मात्र वाया जाते. जुन्या सरसावर तो नीट धरत नाही.

जुना सरस खरवडून काढा. झिजलेल्या कुसवाला सागाचीच पातळ पट्टी, रेषा जुळवून, चिकटवा. साग तेलकट असतो, म्हणून आधी स्पिरिटने पुसा. मग पटाशीने तासत जा. कुसू हाताच्या दाबाने अर्धे आणि मोगरीने उरलेले बसले, की माप बरोबर. शिकंजा नसेल तर दोरीला काठीने पीळ देऊन चौकट आवळा. दोन्ही कर्ण समान भरतात ना, ते मोजा. मग २४ तास हात लावू नका.

अडकणाऱ्या खणांच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली तरी पुरते.

आणि पॉलिश? मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाका. तिथे चिकट झाले तर ते चपड्याचे जुने पॉलिश आहे. ते घासून काढायची गरज नाही; धूळ पुसून त्यावरच चपड्याचा नवा हात फिरवता येतो.