वॉर्डाबाहेरची माणसं

13 एप्रिल 2021ला गुढीपाडवा होता. चैत्र नवरात्र बसलं, पण नागपूरजवळच्या कोराडीच्या जगदंबेचं दार भाविकांना बंद. कोविडमुळे राज्यातली सगळीच देवळं बंद होती. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या पाळ्या तेवढ्या चालू. रात्रपाळी करून आलेला माणूस आंघोळ उरकायचा आणि डबा घेऊन मेयो नाहीतर मेडिकल रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. डब्याला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने नाव, वॉर्ड, खाटेचा नंबर. डबा आत जायचा, माणूस बाहेर.

या बाहेरच्या माणसाबद्दल पहिला गैरसमज असा, की त्याला काही झालेलंच नाही. ‘तुला काय, तू तर ठणठणीत आहेस!’ जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजणारी 26 प्रश्नांची छोटी प्रश्नावली शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती अशा चार अंगांनी विचारते: झोप कशी लागते, पैसा पुरतो का, नात्यांत समाधान आहे का. फाटकाबाहेरच्या माणसाला हे विचारून पाहा. ठणठणीत फक्त त्याची आरटीपीसीआर असते.

दुसरा समज, पेशंट घरी आला की सुटलो. अतिदक्षता विभागातून माणूस बाहेर आल्यावरही घरच्यांना महिनोन् महिने चिंता, नैराश्य, दचकून जाग येणं असा त्रास राहतो. वैद्यकात 2012 पासून त्याला स्वतंत्र नाव आहे. फ्रान्समध्ये फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना 90 दिवसांनी तपासलं, तेव्हा कोविडवाल्यांपैकी 35 टक्क्यांत मानसिक आघाताची लक्षणं दिसली. त्याच अवस्थेतल्या, पण कोविड नसलेल्या रुग्णांच्या घरच्यांत 19 टक्के. अनोळखी नंबरचा फोन वाजला की आजही ज्यांच्या पोटात गोळा येतो, ते उगाच घाबरट नाहीत.

पण सगळ्यांत खोल रुतलेला काटा रेमडेसिविरचा. ‘सहा इंजेक्शनं मिळाली असती तर बाबा वाचले असते’ हे वाक्य अजून कानावर येतं, आणि ते बोलणारा मनातल्या मनात स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत असतो. दुकानं पालथी घातली, ओळखीपाळखी लावल्या, काळ्या बाजाराचे भाव ऐकून दागिने काढले, तरी हात रिकामेच. वस्तुस्थिती अशी की ऑक्टोबर 2020 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत या औषधाने मृत्यू फारसे टळत नसल्याचं दिसलं होतं, आणि 20 नोव्हेंबरला संघटनेने दाखल रुग्णांना ते देऊ नये असं सुचवलं. 2022 मध्ये अंतिम आकडे आले. व्हेंटिलेटरवरच्यांना फायदा नाही. व्हेंटिलेटरविना ऑक्सिजनवर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण 16.3 वरून 14.6 टक्के. म्हणजे शंभरात दोघांनाही पुरता फरक नाही. डॉक्टरच चिठ्ठी लिहून देत होते, मग मुलगा धावणार नाही तर काय करणार? धावला, मिळालं नाही. पण त्यामुळे बाप गेला असा हिशेब विज्ञान मांडत नाही. प्लाझ्मासाठी रक्तगट विचारत फिरलेल्यांनाही तेच. मे 2021 मध्ये तो उपचार देशाच्या नियमावलीतून काढूनच टाकला.

पैशाचं थोडक्यात. खासगीत मागतील ते मोजावंच लागतं, असं समजून अनेकांनी तोंड उघडलं नाही. राज्याने 21 मे 2020लाच 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले होते: साधा वॉर्ड दिवसाला 4000, अतिदक्षता 7500, व्हेंटिलेटरसह 9000 रुपये.

आणि शेवटचं दर्शन. ‘चेहरा दाखवता येत नाही, अस्थींतूनही लागण होते’ हे इतक्या ठामपणे सांगितलं गेलं की कुणी वादच घातला नाही. केंद्राच्या सूचना वेगळ्या होत्या. स्पर्श, आंघोळ, मिठी नको. पण कर्मचाऱ्याने पिशवीची चेन चेहऱ्यापर्यंत उघडून नातेवाइकांना एकदा पाहू द्यायला हरकत नाही, आणि राखेपासून कसलाही धोका नाही. नागपुरात पहिला रुग्ण सापडला 11 मार्च 2020ला. या सूचनांवर तारीख आहे 15 मार्च.