संगणक आला, मूल कुठं आहे?

गरीब घरच्या शाळकरी मुलांना संगणक शिकवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. त्यांचं काम कशावर टिकतं, ते आज परभणी जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, एका संस्थेनं जिल्हा परिषदेच्या शाळेला १० संगणक दिले. फीत कापली, फोटो निघाले, अहवालात '४० विद्यार्थ्यांना संगणक शिक्षण' अशी नोंद झाली. आता साधं गणित करू. ४० मुलं, १० संगणक, म्हणजे एका यंत्रापुढं ४ जण. आठवड्याला ४० मिनिटांची एक तासिका. एकेकाच्या हाती कीबोर्ड येतो १० मिनिटं. वर्षात ३० तासिका झाल्या, तर ३०० मिनिटं. अख्ख्या वर्षाचे ५ तास! तेसुद्धा वीज असली तर, आणि मूल हजर असलं तर.

हजेरीचा हा मुद्दा इथं फार महत्त्वाचा. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. घरी सांभाळायला कुणी नसेल, तर मुलंही बरोबर जातात. जूनपासून दिवाळीपर्यंत १४ तासिका मिळाल्या असं धरा. त्या मुलाच्या वाट्याला आली १४० मिनिटं. कारखान्याचा हंगाम संपून ते गावी परततं, तोवर शाळेला उन्हाळी सुट्टी लागत आलेली. म्हणजे मूल गावात आणि संगणक कुलपात.

म्हणून माझं म्हणणं असं, की संगणक शाळेच्या वेळापत्रकाला नको, मुलाच्या वर्षाला बांधा. म्हणजे काय करायचं? पायाभूत भाग दिवाळीआधी संपवायचा. छोटे गट करून एका यंत्रावर दोघंच बसवायचे. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी लवकर वर्ग भरवायचा. आईवडील गेल्यावर गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिथं संध्याकाळी यंत्रं न्यायची.

यंत्र मुलाबरोबरच पाठवलं तर? २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्प आला होता. प्रत्येक मुलाचा स्वतःचा लॅपटॉप असावा, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच. पण उसाच्या फडाजवळच्या कोपीत तो चार्ज कुठं करणार? बिघडला तर दाखवणार कुणाला? यंत्रामागं माणूस लागतोच. कुठलं कुटुंब कधी जातं, मूल कुणाकडं राहतं, हे गावात काम करणाऱ्याला ठाऊक असतं. पालम तालुक्यातल्या केरवाडीत सूर्यकांत कुलकर्णी यांची 'स्वप्नभूमी' मुलांच्या हक्कांसाठी काम करत आली आहे. शहरातल्या देणगीदारानं यंत्रं देण्याआधी अशा माणसांशी बोलावं.

आता कुणी म्हणेल, मोबाइल तर घरोघरी आहे. खरं आहे. 'असर २०२४' अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. मोबाइलवर आपण बहुतेक वेळा बघतो. संगणकावर काहीतरी करायला शिकवता येतं: मराठीत अर्ज टाइप करणं, तक्ता मांडणं, बेरीज तपासणं.

आणि तक्ता कशाचा मांडायचा? पुस्तकातल्या आंब्या-केळ्यांचाच कशाला? उचल किती घेतली, किती टन ऊस तोडला, टनाला दर काय, किती फिटले, किती राहिले, हे रकाने घ्या. घरातला हा हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीत असतो. सातवीतल्या मुलीला तो स्वतः मांडता आला, तर १० संगणकांचा खर्च वसूल झाला असं मी म्हणेन.