टकटक मोजा, मागणी कळेल

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांशेजारी प्लास्टिक मोल्डिंगचे गाळेही आहेत. मोल्डिंग मशीनचं पॅनल उघडलं की आत कॉन्टॅक्टर दिसतो. बॅरलचे हीटर चालू-बंद करणं हे त्याचं काम. असे कॉन्टॅक्टर वर्षाला किती खपतील? हे गिऱ्हाइकाला विचारून फारसं कळत नाही, कारण जळेपर्यंत त्या भागाची कुणाला आठवणच नसते. मशीनला विचारलं तर मात्र आश्चर्यकारक नेमकं उत्तर मिळतं.

समजा, एका कॉन्टॅक्टरचं आयुष्य 10 लाख वेळा चालू-बंद होण्याइतकं आहे आणि तापमान नियंत्रक त्याला दर 20 सेकंदांनी एकदा टकटक करायला लावतो. म्हणजे एकूण 2 कोटी सेकंद, अर्थात अखंड चालल्यास साधारण 231 दिवस! परिसरात अशी 100 मशीन, प्रत्येकाला हीटरचे 4 झोन, दर झोनला एक कॉन्टॅक्टर आणि वर्षाला 300 दिवस रात्रंदिवस काम धरलं, तर बदलीसाठी दरसाल सुमारे 500 कॉन्टॅक्टर लागतील. रात्रपाळी बंद झाली की हा आकडा थेट निम्म्यावर येतो. मशीन तितकीच, मालक तेच, तरी बाजार अर्धा!

आता त्याच जागी सॉलिड स्टेट रिले बसवा. त्यात ठिणग्यांनी झिजणारे संपर्कबिंदूच नाहीत. नीट थंड राहिला तर तो वर्षानुवर्षे टिकू शकतो. मग त्याची मागणी मुख्यतः नव्या मशीनबरोबरच येणार. मशीनचं आयुष्य 10 वर्षं धरलं, तर 100 पैकी 10 दरवर्षी बदलतात, म्हणजे 40 रिले. एखाद्या वर्षी प्लास्टिकच्या मालाची मागणी फक्त 10 टक्के वाढली, तर जुन्या 10 मशीनच्या जागी 10 आणि वाढीसाठी आणखी 10 लागतात. रिलेची मागणी 40 वरून 80! पुढच्या वर्षी मालाची मागणी तिथेच थांबली, घटली नाही, तरी रिले पुन्हा 40 वर. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी यंत्रसामग्रीच्या मागणीतली ही उसळी 1917 मध्येच उलगडून दाखवली होती.

कॉन्टॅक्टरलाही नव्या मशीनमुळे 40 ची जादा मागणी येते, पण बदलीच्या 500 पुढे ती जाणवतही नाही. पाळ्या तितक्याच राहिल्या, तर झिजणारा भाग धंद्याला स्थैर्य देतो आणि टिकाऊ भाग लहरी बाजार!

टंचाईत आणखी एक चकवा बसतो. अडलेला कारखानदार तोच भाग तीन दुकानांत मागतो आणि उत्पादकाच्या वहीत एकाच्या तीन मागण्या उमटतात. म्हणून अंदाज बांधायला निघालेल्याने ऑर्डरबुकाआधी देखभालीच्या मिस्त्रीला गाठावं: मशीन किती पाळ्या चालतं, आणि पॅनलमध्ये टकटक होते की नाही?