कच्च्या रस्त्यांची निगा आणि स्थानिक मजुरांचे प्रशिक्षण

मृगाचे पाऊस पडून गेले की राज्यातील अनेक वाड्या-वस्त्यांचे जीवन संथ होऊ लागते. दुधाचे कॅन संकलन केंद्रापर्यंत वेळेवर पोचत नाहीत, एस.टी. फाट्यावरूनच वळते, शिक्षक चपला हातात घेऊन शाळा गाठतात आणि अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून चार माणसे मोठ्या रस्त्याच्या दिशेने निघतात. 'पावसाने रस्ता बंद झाला' असे आपण सहज म्हणतो आणि अहवालातही तसेच लिहितो. वास्तविक बहुतेक ठिकाणी रस्ता पावसाने बंद होत नाही. पडलेले पाणी रस्त्यावरून उतरून न गेल्यामुळे तो बंद होतो. पाऊस थांबविणे कोणाच्या हाती नाही. पाणी उतरविणे मात्र फावडे चालविता येणाऱ्या कोणत्याही माणसाच्या हाती आहे, परंतु ते कोठे, केव्हा व कसे उतरवावे हे त्याला कोणी शिकविलेले असले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय हे शिकविणे हाच आहे.

रस्ते झाले, राखणदार राहिले

१९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची जी वर्गवारी केली, तिच्या शेवटच्या पायरीवर ग्रामीण मार्ग होते. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लक्षावधी हात लागले आणि त्यांतून मातीकामाचे असंख्य रस्ते उभे राहिले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाल्यावर अनेक गावांना डांबरी रस्ता मिळाला, आणि त्या योजनेत ठेकेदाराने पाच वर्षे रस्त्याची देखभाल करावी अशी अटही घातली गेली.

परंतु गावाच्या वेशीपासून वाडीपर्यंत, वाडीपासून शिवारापर्यंत जाणारे रस्ते आजही मोठ्या प्रमाणात मातीचे किंवा मुरमाचे आहेत. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते' ही योजना आखावी लागली, यावरूनच या रस्त्यांचे महत्त्व ध्यानी यावे. असा रस्ता बांधून झाला की उद्‌घाटन होते, फलक लागतो आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहणारा कोणी उरत नाही. डांबरी रस्त्याची दोन-चार वर्षे हेळसांड झाली तरी तो तग धरतो. मुरमाच्या रस्त्याला एवढी सवड नसते. एका पावसाळ्यातील दुर्लक्ष त्याला पुरते. सर्वसाधारण वाहतुकीतही मुरमाचा थर दरवर्षी दीड ते तीन सेंटीमीटर झिजून जातो, आणि पाणी तुंबले की हा हिशेब राहत नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्यात पूर्वी 'मैलकुली' नावाचा माणूस असे. नेमून दिलेल्या लांबीवर तो रोज फिरे. तो रस्त्याचा नोकर असला तरी वागे मात्र मालकासारखा. अशी माणसे एकेक करून निवृत्त होत गेली. प्रस्तुत लेखकाला काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात ऐन श्रावणात असा एक निवृत्त मैलकुली भेटला. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात फावडे, आणि कोणी सांगितलेले नसताना हे वृद्ध गृहस्थ आपल्या पाड्याच्या रस्त्याकडेचा तुंबलेला चर मोकळा करीत होते. 'बाबा, पावसात कशाला भिजता?' असे विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, पाणी कोठे अडते हे पावसातच दिसते, उन्हात सगळाच रस्ता चांगला असतो. आम्ही कला शाखेची माणसे. रस्त्याच्या शास्त्राचा पहिला धडा आम्हाला तेथे मिळाला. दहा मिनिटांत त्या चरातून पाणी वाहू लागले आणि रस्त्यावर पसरलेले डबके आमच्या डोळ्यांदेखत उतरले.

काय शिकवावयाचे ?

कच्चा रस्ता टिकतो तो त्याच्या आकारामुळे. त्याचा माथा कासवाच्या पाठीसारखा मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा. पावणेचार मीटर रुंदीच्या मुरमी रस्त्याचा मध्यभाग कडेपेक्षा सुमारे ९ सेंटीमीटर उंच असला म्हणजे पाणी थांबत नाही. हा उतार डोळ्यांनी अजमावणे अवघड आहे. त्यासाठी गावच्या सुताराकडून एका टोकाला निमुळती अशी फळी करून घ्यावी, जाड टोक रस्त्याच्या कडेकडे ठेवावे आणि वर गवंड्याची लेव्हल बॉटल ठेवून पाहावे. बुडबुडा मध्यावर आला की उतार बरोबर. एवढे एक साधन हाताळता येऊ लागले की मजुराला रस्त्याचा दोष स्वतःच दिसू लागतो. आकार बिघडला की चाकोऱ्या पडतात, चाकोरीत पाणी साचते, खालची माती मऊ होते आणि चाक आणखी खोल जाते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर हे काम आठवडाभरात पुरे करतो.

रस्त्यावरून उतरलेले पाणी बाजूच्या गटारात जाते आणि गटारातून तिरक्या चराने रस्त्यापासून दूर काढावे लागते. हे तिरके चर सपाट भागातही साधारण शंभर मीटरला एक असावेत. कोकणात व घाटमाथ्यावर प्रश्न वेगळा आहे. तेथे गटारातील पाणी थांबत नाही, ते धावते आणि गटारच खोल कापत रस्त्याच्या मुळाशी येते. अशा ठिकाणी गटारात दगडांचे किंवा खुंट्यांचे ठेंगणे बांध घालावे लागतात. उतार शंभर मीटरला पाच मीटर असेल तर सुमारे वीस मीटरवर एक बांध पुरतो. तोच उतार दहा मीटर झाला की दर सहा मीटरला एक घालावा लागतो. बांधाचा मध्यभाग कडांपेक्षा खोलगट ठेवावयाचा, अन्यथा पाणी बांधाला वळसा घालून रस्ताच खाते. मराठवाडा व विदर्भातील काळ्या मातीत आणखी एक पथ्य आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना तिच्यात वजन पेलण्याचे बळ जवळजवळ राहत नाही. म्हणून तेथे रस्ता भोवतालच्या शेतापेक्षा उंच असणे आणि गटार रस्त्याच्या पायाला चिकटून नसणे अगत्याचे आहे.

खड्डे भरण्याची रीत सर्वांना येते असे आपण गृहीत धरतो, आणि सर्वांत जास्त पैसा तेथेच वाया जातो. जुलैत पाण्याने भरलेल्या खड्ड्यात ट्रॉलीभर मुरूम ओतला की चार दिवसांत त्याचा चिखल होतो. योग्य रीत अशी : प्रथम पाणी काढून द्यावे, सैल माती उपसावी, खड्ड्याच्या कडा कुदळीने उभ्या व चौकोनी कापाव्यात, मग ओलसर मुरूम पाच-पाच सेंटीमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा आणि शेवटचा थर रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवावा. मुरमात ओल किती असावी हे प्रयोगशाळेतून विचारण्याची गरज नाही. मूठभर मुरूम दाबला असता लाडू वळला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. शेतकऱ्याला हे सांगताच तो 'म्हणजे वाफसा' असे म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पेरणीसाठी जमीन ज्या अवस्थेला यावी लागते, जवळपास तीच अवस्था मुरूम दाबण्यासही योग्य असते. म्हणूनच रस्त्याचा आकार दुरुस्त करण्याचे मोठे काम उन्हाळ्यात न काढता पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढावे. कोरड्या मुरमावर कितीही रोलर फिरविला तरी तो पहिल्या पावसात सुटतो. मे महिना चर, गटारे व मोऱ्या साफ करण्याचा. आणि पावसाळ्यात फक्त फिरावयाचे व जेथे पाणी अडेल तेथे वाट करून द्यावयाची.

येथे एका प्रचलित चुकीचा उल्लेख केला पाहिजे. गटार साफ करताना निघालेली माती मजूर रस्त्याच्या कडेलाच टाकतात. तिचा लहानसा बांध तयार होतो आणि रस्त्यावरील पाणी गटारात उतरतच नाही. गटार स्वच्छ आणि रस्ता जलमय, असे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. तसेच 'सफाई' या शब्दाच्या मोहात पडून कडेच्या उतारावरील सर्व गवत मुळासकट खरवडले जाते. पाणी अडविणारे गवत कापावे, माती धरून ठेवणारे राहू द्यावे, हा विवेक प्रशिक्षणाशिवाय येत नाही.

मजुरी कशावर द्यावी ?

पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी विशेष विचार करावा असा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे मजुरीचे मोजमाप खोदलेल्या वा भरलेल्या मातीच्या घनफळावर चालत आले आहे. नवीन कामाला ही पद्धत ठीक आहे. देखभालीला ती पूर्णतः गैरलागू ठरते. वर उल्लेखिलेल्या वृद्ध मैलकुलीने दहा मिनिटांत चार घमेली माती काढली असेल, आणि त्यायोगे शंभर मीटर रस्ता वाचला. मोजमाप पुस्तिकेत या कामाची किंमत जवळजवळ शून्य भरेल. उलट तो चर तसाच राहिला, रस्ता वाहून गेला आणि पुढील वर्षी नवे मातीकाम निघाले, तर त्याची नोंद अनेक पाने व्यापील. रस्ता राखणाऱ्यापेक्षा रस्ता पुन्हा बांधणाऱ्याला अधिक मोबदला देणारी ही पद्धत आहे, आणि ती बदलल्यावाचून कितीही शिबिरे घेतली तरी शिकलेला मजूर दुसऱ्या कामाला निघून जाईल.

यावर इतरत्र उपाय शोधले गेले आहेत. आफ्रिकेतील केनिया या देशाने १९७४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साह्याने ग्रामीण जोडरस्त्यांचा कार्यक्रम हाती घेतला. यंत्रांऐवजी माणसांच्या हातांनी हजारो किलोमीटर रस्ते बांधले गेले आणि ते बांधताना ज्यांचे काम चांगले दिसले, अशा रस्त्यालगत राहणाऱ्या मजुरांतून एकेक राखणदार नेमण्यात आला. त्याच्याकडे एक ते दोन किलोमीटर लांबी असे व महिन्यातून बारा दिवसांचे काम ठरलेले असे; उरलेल्या दिवसांत तो आपली शेती पाही. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी किसी या नगरात केंद्र चालविण्यात आले. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने १९९५ पासून गावकऱ्यांचे लहान गट करून त्यांना रस्त्याची लांबी सोपविली आणि किती माती उचलली याऐवजी रस्ता कोणत्या स्थितीत आहे हे पाहून दरमहा रक्कम देण्यास आरंभ केला. आपल्याच देशात उत्तराखंड व हिमाचल प्रदेश येथे काही डोंगरी रस्त्यांच्या नित्य देखभालीचे काम महिला गटांकडे देण्यात आले. केनियाचा अनुभव सर्वस्वी सुखाचा नाही. रस्ते वाढले तसा देखभालीचा पैसा अपुरा पडू लागला आणि अखेर १९९३ साली इंधनावरील अधिभारातून स्वतंत्र निधी उभारण्याचा कायदा त्या देशाला करावा लागला. महिन्याची रक्कम वेळेवर हाती पडणे हा प्रशिक्षणाइतकाच महत्त्वाचा भाग आहे, हे यावरून दिसते.

आपल्याकडील गावकरी हे शिकतील काय, अशी शंका कोणी घेईल. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा साध्या साधनांनी समपातळी रेषा आखण्याचे काम गावातील स्त्रीपुरुषांनी शिकून घेतले. ज्यांना पाणी अडविण्यासाठी जमिनीचा उतार वाचता येतो, त्यांना पाणी उतरविण्यासाठी तो वाचणे कठीण जाऊ नये. शिक्षण वर्गात न होता प्रत्यक्ष रस्त्याच्या एक-दोन किलोमीटर लांबीवर व्हावे. आधी मुकादमाने करून दाखवावे, मग शिकणाऱ्याने करावे आणि झालेल्या कामावर पाण्याची टाकी रिती करून पाणी कोठे जाते हे सर्वांनी पाहावे.

एक अडचण मात्र फावड्याने सुटणारी नाही. तिरका चर कोणाच्या तरी शेताकडे तोंड करतो आणि शेतकरी तो रात्रीत बुजवितो. त्याची तक्रार बहुधा खोटी नसते, कारण साऱ्या रस्त्याचे पाणी एकाच्याच बांधावर सोडलेले असते. चर वाढवून पाणी थोडे थोडे विभागून सोडणे, ते ओढ्याकडे किंवा शेततळ्याकडे वळविणे हे मार्ग त्याला विश्वासात घेऊन ठरवावे लागतात. वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. परंतु बाहेरच्या ठेकेदाराने कोर्टाची भाषा करणे आणि शेजारच्या वस्तीवरील राखणदाराने पारावर बसून दोन शब्द सांगणे यांत अंतर आहे, आणि राखणदार स्थानिक असावा असे म्हणण्याचे हेही एक कारण आहे.

म्हणून निवड करताना रस्त्याकडेलाच घर असलेल्या आणि रोजगार हमीच्या कामावर हात बसलेल्या स्त्रीपुरुषांना अग्रक्रम द्यावा. प्रत्येकास फावडे, कुदळ, घमेले, धुमस, कोयता व उताराची फळी द्यावी. पहिले शिबिर दिवाळीच्या सुमारास, मुरमात ओल असताना आणि ऊसतोडीच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी उरकावे. दुसरे, एकाच दिवसाचे, जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात घ्यावे. त्या दिवशी शाखा अभियंता, ग्रामसेवक आणि राखणदार यांनी मिळून पावसातच रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे आणि पाणी जेथे जेथे थांबलेले दिसेल तेथे तेथे खुंटी ठोकावी.