चिरफाडीविना गाठीवर उपचार : केंद्रित अल्ट्रासाउंड

केंद्रित अल्ट्रासाउंडमध्ये शरीराबाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरी आतल्या एकाच बिंदूवर एकवटतात. तिथले तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पेशी मरतात. वाटेतल्या ऊती सहसा शाबूत राहतात.

नेम चुकू नये म्हणून उपचार एमआरआय यंत्रातच होतो. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठीसाठी बाई पालथी झोपते. उपचार थांबवण्याचे बटण तिच्या हातात असते. काही सेकंदांचा मारा, मग ऊती निवण्यासाठी विराम, असे काही तास चालते. प्रत्येक माऱ्यात बदलणारे तापमान डॉक्टरांना पडद्यावर दिसते.

अमेरिकेत फायब्रॉइडसाठी २००४ साली आणि हातांच्या कंपासाठी २०१६ साली या तंत्राला मान्यता मिळाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातही फायब्रॉइडसाठी ते वापरले गेले आहे.

या उपचारात गर्भाशय काढावे लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली होती. त्यामुळे गर्भाशय वाचवणारे असे पर्याय तिथल्या घराघरांत माहीत असायलाच हवेत.

हा उपचार प्रत्येकीला चालत नाही. लहरींच्या वाटेत आतडे येत असेल किंवा गाठ देठावर लोंबती असेल, तर डॉक्टर सहसा दुसरा मार्ग सुचवतात.